एक तास चालू, दोन तास बंद

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, साताऱ्याला आयटीआयच्या वसतिगृहात दोन वर्षं ज्याच्याबरोबर एका खोलीत काढली त्या मित्राजवळ नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही हा विषय निघू नये म्हणून मी घाईघाईने धंद्याचं मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या रस्त्यात भेटलात तरी तोंड चुकवायची वेळ माझ्यावर येणार नाही. बघा, सुरुवातीलाच स्वतःची सोय पाहिली.

मी एसीची कामं करतो. सांगलीत. गाव वडूजच्या पलीकडचं. आमच्याकडे गार हवा म्हणजे संध्याकाळी अंगणात टाकलेली बाज. तिथून निघून मी लोकांच्या भिंती गार करायला शिकलो. सहा वर्षं एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा निळा शर्ट घालून फिरलो, मग तो उतरवला आणि स्वतःचं सुरू केलं. एक दुचाकी, पाठीवर पाण्याचा पंप, गॅसचा छोटा सिलिंडर आणि छापलेली शंभर कार्डं. ती कार्डं अजून पुरती संपलेली नाहीत. मला कार्डं वाटायची गरजच पडली नाही — का पडली नाही, तेच तर सांगायचं आहे.

आधी थोडं धंद्याचं सांगतो. लोकांना वाटतं एसी बिघडतो म्हणजे काहीतरी मोठं होतं. बहुतेक वेळा काही होत नाही, धूळ बसते. पुढचं झाकण उघडलं की एक जाळी असते, तिच्यावर धूळ साठते. मागे कॉइल असते, तिच्या पत्र्यांत धूळ जाते. हवा अडते, खोली गार होत नाही, मशीन नुसतं धापा टाकतं आणि बिल वाढत जातं. जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धरायची, आणि पाडव्याच्या सुमारास एकदा माणूस बोलावून कॉइलवर नीट पाणी मारून घ्यायचं. संपलं. एवढं केलं की मशीन वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

पण हे कुणाला पटतं? सर्व्हिसिंगचे पाचशे सांगितले की चेहरे बदलतात. नुसतं पाणी मारायचे पाचशे? मग घासाघीस. आणि त्याच माणसाला मी म्हटलं, साहेब, गॅस गेलाय, अडीच हजार होतील — तो गप आत जातो आणि पैसे घेऊन येतो. गॅस दिसत नाही ना. जे डोळ्यांदेखत स्वच्छ होतं त्याला किंमत नाही, आणि जे दिसतच नाही त्याला सगळे मान देतात. या गोष्टीचा मला राग आहे. अजूनही आहे.

हे सगळं का सांगत बसलोय? टाळतोय, दुसरं काय.

तर — विश्रामबागच्या मागच्या एका गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते, मीही म्हणतो. माहेर वाईचं. बोलणं स्वच्छ, अक्षर त्याहून स्वच्छ. त्यांचे यजमान तात्या एसटीत कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर दोघं सांगलीत घर बांधून राहिली आणि दोन-तीन वर्षांतच तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा उचलता यायचा. डोळे मात्र पुरते जागे होते, सगळीकडे फिरायचे.

तात्यांची खोली पश्चिमेला, वर उघडा स्लॅब. सांगलीच्या एप्रिलमध्ये अशी खोली दुपारी दोननंतर कशी होते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पुण्याच्या मुलीने वडिलांसाठी त्या खोलीत एसी बसवून दिला होता. दोन वर्षं तो चालला आणि मग गार हवा येईना. बाईंनी कुणाला तरी विचारलं, त्याच्याकडे माझं कार्ड होतं. अशा रीतीने मी त्या घरात शिरलो. त्याला आता सात वर्षं झाली.

झाकण उघडलं तर जाळीवर घोंगडीसारखा थर. दोन वर्षांत तिला कुणी हात लावलेला नव्हता. मी खाली प्लास्टिकची झोळी बांधली, पंप लावला, कॉइल धुतली. झोळीत काळं पाणी साठलं. बाई चष्मा वर करून बघत होत्या. मी जाळी नळाखाली धरून आणली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय? हे तर मीसुद्धा केलं असतं, संपतराव."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच नव्हती. एखाद्या मुलाने गणित सोडवल्यावर बाई जशा म्हणतील तसंच म्हणाल्या त्या. पण मला ते लागलं. दोन वर्षं आयटीआय, सहा वर्षं कंपनीत, आणि किंमत काय — तर बाईंनीही केलं असतं! त्या आठवड्यात तीन घरांत पाचशेचे तीनशे करून घेतले होते लोकांनी. तो राग होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, नुसतं धुऊन भागणार नाही. गॅस गेलाय."

गॅस गेलेला नव्हता. मी गच्चीवर गेलो, बाहेरच्या मशीनला मीटर लावला, काटा जिथे हवा तिथेच होता. मी सिलिंडरची चावी जराशी सैल केली. फुस्स — तो आवाज खाली खिडकीपर्यंत जातो, आणि गिऱ्हाइकाला गॅस भरल्याचा पुरावा तेवढाच लागतो. मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत पंधरा मिनिटं मोबाइल बघत बसलो.

खाली आलो तर खोली गार व्हायला लागलेली. धुतल्यामुळे. तात्यांच्या कपाळावर हवा आली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पैसे पाकिटात घालून दिले, वर बेसनाचा लाडू. आणि विचारलं, "पुन्हा नाही ना जाणार गॅस?"

आता मी काय सांगणार? गळती असेल तर ती शोधून बंद करायला हवी होती, आणि नसेल तर मग गॅस गेला कसा? बाई शिक्षिका, पुढचा प्रश्न येणारच. तो यायच्या आत मी आमच्या धंद्यातलं एक ठरलेलं वाक्य टाकलं. म्हटलं, मशीनवर ताण देऊ नका. एक तास चालवा, दोन तास विश्रांती द्या. टिकेल.

हे वाक्य मी त्याआधी किती घरांत टाकलं असेल! त्याला काही अर्थ नाही. मशीनला विश्रांती लागत नाही, ते काही बैल नव्हे. आणि ऐकतं कोण? लोक आमच्यासमोर मान डोलावतात आणि आम्ही जिना उतरलो की गार करून चादर ओढून झोपतात. आम्हालाही ते माहीत असतं. ते वाक्य फक्त निसटायला असतं.

पण बाई ऐकणाऱ्यांतल्या होत्या.

पुढच्या वर्षी पाडवा झाल्यावर त्यांचा फोन आला. मी दुपारी तीनच्या सुमारास गेलो. खोलीत पाय टाकला आणि थबकलो. एसी बंद. पंखा गरम हवा फिरवत होता. घामोळ्यांच्या पावडरीचा आणि ओल्या पंच्यांचा वास. बाईंनी तात्यांना कुशीवर वळवलं होतं आणि त्या त्यांची पाठ टिपत होत्या. पाठ पाहिली मी. पुरळाने लाल झालेली, दोन ठिकाणी सोललेली, आणि माकडहाडापाशी एक जखम. मी म्हटलं, बाई, मशीन बंद पडलंय का?

"नाही हो, छान आहे. अजून चाळीस मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या.

आणि मग मला स्विचबोर्डाशेजारी ते दिसलं. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू, नीट कापून, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याने खिळ्याला टांगलेली. त्यावर बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात — एक तास चालू, दोन तास बंद. आणि खाली, थोडं बारीक — श्री. संपतराव यांच्या सांगण्यावरून. पलंगासमोरच्या भिंतीवर हॉलमधलं मोठं घड्याळ आणून लावलेलं होतं, वेळ चुकू नये म्हणून. तात्या कुशीवर होते आणि घड्याळाकडे बघत होते.

चहा घेताना बाईंनी सहज सांगितलं की तात्यांची बरीच नोकरी सातारा स्टँडवर झाली. माइकवरून गाड्या पुकारायचे. मी बशी खाली ठेवली. मी आयटीआयला होतो तेव्हा दर शनिवारी दुपारी त्या स्टँडवर उभा असायचो, गर्दीत, पिशवी छातीशी धरून — आणि तो जड, ठाम आवाज यायचा, "वडूज... वडूजकडे जाणारी गाडी..." त्या आवाजाने मला दोन वर्षं घरी पाठवलं होतं. आता तो माणूस माझ्या वाक्याखाली घामाने भिजत पडला होता, घड्याळ बघत.

मी प्रयत्न केला का? केला. एकदा. म्हटलं, बाई, आता मशीन ठणठणीत आहे, चालवा सलग. बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "गॅरंटी देता?"

आमच्या धंद्यात गॅसची गॅरंटी कुणी देत नाही. मला काम शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं — काहीही बोल, पण गॅसची गॅरंटी बोलायची नाही, नाहीतर गिऱ्हाईक जन्मभर मानगुटीवर बसतं. इतक्या वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली. मी म्हटलं, गॅसची गॅरंटी नसते, बाई.

वेड्यासारखं! ज्या मशीनमध्ये मी गॅस भरलाच नव्हता, कारखान्यातून आलेला जसाच्या तसा होता, त्याची गॅरंटी द्यायला मला काय झालं होतं? एक शब्द. हो म्हणायचं होतं फक्त.

"मग नको," बाई म्हणाल्या. "भर मे महिन्यात बंद पडलं तर यांचं काय करू मी? तासाने का होईना, मिळतं तेवढं पुरे." त्यांच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं.

मी कॉइल धुतली आणि आलो. पाचशे घेतले. त्या वेळी एक रुपया कमी करायला सांगितला नाही त्यांनी. पाणी मारायच्या कामाची खरी किंमत देणारं माझं ते पहिलंच गिऱ्हाईक.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच. एक थाप मारली, अंगाशी आली, सावरता आली नाही. असं कुणाचंही होतं. मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण थांबा. अजून ते यायचं आहे.

मधल्या काळात बाईंनी माझं नाव गल्लीभर केलं. मग शेजारच्या सोसायटीत. मग त्यांच्या जुन्या शाळेतल्या सहकाऱ्यांकडे. कुठेही गेलो की लोक म्हणायचे, बाईंचे संपतराव ना तुम्ही? घासाघीस नाही, संशय नाही. आधी चहा यायचा. दीड-दोन वर्षांत माझा निम्मा धंदा बाईंच्या शब्दावर चालायला लागला. गाळा घेतला, बायकोने त्याच्या दारावर तोरण लावलं. प्रामाणिक माणूस — हे माझ्याबद्दल त्या भागात सहज बोललं जायचं. तुम्हाला कुणी तोंडावर प्रामाणिक म्हटलंय का कधी, आणि तुम्ही तिथेच उभं राहून खाली बघत हसलाय का? मी तसा शेकडो वेळा हसलो.

बायकोच्या मात्र काहीतरी लक्षात यायचं. एकदा म्हणाली, "आवं, त्या बाईंच्याकडं जायाचं असलं की तुमी भाकरी निम्मी ठिवता. त्या लय चांगल्या हायत म्हंता, मग असं का?" मी म्हटलं, ऊन लागतंय. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग ताट उचलून गेली.

तिसरा उन्हाळा. हाच तो.

मी कॉइल धुऊन झाकण बसवत होतो. बाईंचा फोन वाजला, पुण्याची मुलगी. बाईंनी तात्यांनाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून फोन उशाशी ठेवला. मुलगी बापाशी बोलली, मग आईला म्हणाली, आई, तू अजून घड्याळ लावूनच एसी चालवतेस ना? बाई म्हणाल्या, संपतराव इथेच आहेत, तूच विचार.

"दादा," ती म्हणाली, "मला खरं काय ते सांगा. बाबांची पाठ पाहिलीत ना तुम्ही? गॅस असा पुन्हा जायची भीती असेल तर मशीनमध्येच दोष असणार. मी कंपनीचा इंजिनियर पाठवते उद्याच्या उद्या. तो तपासेल, नाहीतर नवीन बसवू. पण हे तास मोजणं बंद व्हायला हवं."

सुटका अशी समोर येऊन उभी राहिली होती. तात्यांची सुटका. मला फक्त बरं म्हणायचं होतं. नाही, तेवढंही नको — मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

पण मला काय दिसलं माहीत आहे? माझा जुना निळा शर्ट दिसला. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर. तो गच्चीवर जातो, मीटर लावतो, दोन मिनिटांत खाली येतो आणि म्हणतो, बाई, यात कधी गॅस भरलेलाच नाही. हा पहिलाच आहे. पाइपच्या तोंडाकडे बघून, काट्याकडे बघून, असं कुणीही सांगू शकेल असं मला तेव्हा वाटलं. सांगू शकला असता की नाही, कोण जाणे. कदाचित नसताही. पण मला तेवढं पुरलं. मग मला गल्ली दिसली, सोसायटी दिसली, गाळ्याचं तोरण दिसलं.

तात्यांनी घड्याळावरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "ताई, इंजिनियर कशाला? मी आहे ना. मशीन उत्तम आहे, बदलायची गरज नाही. फक्त जपून वापरायचं. बाई वापरतायत तस्संच."

हेच ते. हे मी बोललो. राग आला म्हणून नाही, सवयीने जीभ वळली म्हणून नाही. त्या माणसाची पाठ पाहून, त्याच्या उशाशी उभं राहून, पूर्ण विचार करून बोललो. शब्द अजून जसेच्या तसे कानात आहेत — बाई वापरतायत तस्संच.

मुलगी म्हणाली, ठीक आहे दादा, आईचा तुमच्यावर विश्वास आहे. बाईंना आनंद झाला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. तात्यांनी डावा हात उचलला. बोटं माझ्या दिशेने होती की एसीच्या, मला सांगता येणार नाही. बाईंना वाटलं, पाणी हवंय. त्यांनी चमच्याने पाणी पाजलं. तात्यांनी ते प्यायलं, पण नजर हलवली नाही. मी ठरवून टाकलंय की त्यांना काही कळलं नव्हतं. असं ठरवायला काही लागत नाही.

तो उन्हाळा तसाच गेला. पुढचा सुरू झाला. त्या वर्षी पाडव्यानंतर गेलो तेव्हा मी तात्यांच्या बाजूला पाठ करून काम केलं. स्विचबोर्डाशेजारच्या त्या कार्डावर पाणी उडू नये म्हणून बाईंनी मला एक प्लास्टिकची पिशवी दिली होती. मी माझ्या हाताने माझं नाव झाकलं, पंप मारला आणि पिशवी काढून घडी करून परत दिली.

मेच्या शेवटी तात्यांच्या छातीत कफ भरला. मिरजेला दवाखान्यात ठेवलं, आणि मग डॉक्टरांनीच सांगितलं, घरी न्या. आठ दिवस घरी होते. गेले. उष्म्याने गेले असं मी म्हणणार नाही. तसं काही नव्हतं. ते गेले ते त्यांच्या आजाराने. मी त्यांचं आयुष्य कमी केलं नाही. त्यातले चार उन्हाळे मात्र कसे काढायला लावले, ते मी पाहिलेलं आहे.

तेरावा झाल्यावर भेटायला गेलो. जावंच लागलं, सगळी गल्ली जात होती आणि मी तर बाईंचा संपतराव. मुलगी आत पातेली आवरत होती. बाई तात्यांच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. पलंगावर गादी नव्हती. घड्याळ चालू होतं. मी खाली मान घालून बसलो. बाई हळू आवाजात, मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "संपतराव, तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका."

मला वाटलं, कळलं. आणि खरं सांगू? थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"ते शेवटचे आठ दिवस," बाई म्हणाल्या, "मी तुमचं ऐकलं नाही. रात्रंदिवस चालू ठेवला एसी. म्हटलं, जाऊ दे मशीन गेलं तर. तुम्ही इतकी वर्षं निगुतीने सांभाळलंत आणि मी... पण कसे शांत झोपायचे हो ते. चार वर्षांत असे झोपले नव्हते." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मशीनचं काही बिघडलं असेल का?"

मी मान हलवली. नाही.

मग त्यांनी विचारलं. माझ्याकडे नाही, त्या उघड्या पलंगाकडे बघत विचारलं. "आधीपासूनच चालवला असता तर... पण मग तो मधेच बंद पडला असता. हो ना?"

विचार करा, बाई काय विचारत होत्या. आपण त्या माणसाला चार उन्हाळे तापवलं ते बरोबर केलं ना, एवढंच त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारा जगात एकच माणूस होता.

मी म्हटलं, "हो बाई. बंद पडला असता."

"म्हणजे मी चुकले नाही," त्या म्हणाल्या. "शेवटच्या आठ दिवसांचं तेवढं माफ करा मला."

आणि मी केलं. अहो, मी त्यांना माफ केलं! म्हटलं, असू दे बाई, एवढं काही नाही. माझ्या तोंडून हे शब्द निघाले आणि बाईंचा चेहरा हलका झाला. आतून मुलीने चहा आणला. मी तो प्यायलो.

आता मी स्वतःला सांगतो की खरं बोलायची वेळ गेली. आता सांगितलं तर बाईंनाच ते पेलणार नाही — आपण आपल्या हाताने, विनाकारण, त्यांना त्या खोलीत तसं ठेवलं, हे त्या कशा सहन करतील? हे खरं आहे. पूर्ण खरं आहे. पण मी गप्प आहे तो त्यासाठी नाही. बाईंना त्रास होणार नसता तरी मी गप्पच बसलो असतो. गाळा तिथेच आहे, गिऱ्हाईकं तीच आहेत.

बाई पुण्याला गेल्या नाहीत. त्याच घरात राहतात, एकट्या, आणि झोपायला त्याच खोलीत असतात, कारण एसी तिथे आहे. आता त्यांनाही उन्हाळा सोसत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तरी दुपारी एक तास चालवतात आणि मग उठून बंद करतात. तात्यांसमोरचं घड्याळ तिथेच आहे. मला तो बंद करण्याचा आवाजसुद्धा पाठ झालाय, टक् असा.

जुन्या कार्डावरची शाई फिकी झाली होती. गेल्या वर्षी गेलो तर नवीन कार्ड. तीच वाक्यं, तसंच पाठकोऱ्या पत्रिकेवर. बाईंचा हात आता थोडा कापतो, तरी अक्षर वाचता येतं. या खेपेला माझं नाव त्यांनी लाल शाईत लिहिलंय आणि खाली पट्टी धरून रेघ ओढली आहे.

परवा त्यांचा फोन आला. पाडवा झाला ना, म्हणाल्या, केव्हा येताय? गुरुवारी येतो म्हणालो. जाईन. झोळी बांधीन, नाव प्लास्टिकने झाकीन, पाणी मारीन, जाळी नळाखाली धरीन. चहा घेईन.

आणखी एक. संपत हे माझं खरं नाव नाही. इथे, हे लिहितानासुद्धा, मी ते बदललं आहे. बाईंच्या भिंतीवर खरं आहे.